लष्करी ट्रकवरचा अनोळखी अँटेना ओळखताना

लिलावातून सुटलेला लष्कराचा शक्तिमान ट्रक गोव्यातल्या फोंड्याजवळच्या गॅरेजात बॉडीकामाला आला होता. केबिनच्या मागे, डाव्या कोपऱ्यात, स्प्रिंगच्या बुडावर उभी काळी काठी. आधीच्या कुणीतरी ती कार स्टिरिओला जोडून ठेवलेली. "एफएमची असणार, दुसरं काय!" असं मेस्तचं, म्हणजे गॅरेजच्या मिस्त्रीचं, मत. मालकाला एवढंच ठरवायचं होतं की ठेवायची की उतरवायची.

काठीवरून अंदाज बांधायला मी जात नाही. काठ्या मोडतात, मग दुसऱ्या गाडीची काढून बसवतात. बूड सहसा मूळचंच राहतं.

आधी बुडावरची क्रमांकाची पट्टी शोधली. हिरव्या रंगाचे तीन थर थिनर लावलेल्या कापसाने उतरवले. तारेचा ब्रश मारला तर कोरलेले आकडेच जातात. तेरा आकडी नाटो क्रमांक (लष्करी सामानाच्या यादीतला क्रमांक) ५९८५ ने सुरू झाला तर वस्तू अँटेना गटातली. पुढचे दोन आकडे देशाचे, ०० किंवा ०१ अमेरिका, ९९ ब्रिटन, १२ जर्मनी. इथे पट्टीच्या जागी रिव्हेटची दोन भोकं उरली होती.

मग खालून पाहिलं. चार बोल्टचा फ्लँज, रबरी गॅस्केट, ५ मिमी जाडीची कोॲक्स केबल (मधे तार, भोवती धातूची जाळी), टोकाला बीएनसी, म्हणजे पिळून बसवायचा जोड. हा एचएफ, म्हणजे लांब पल्ल्याच्या कमी वारंवारतेच्या रेडिओचा, अँटेना आहे का हा प्रश्न तिथेच निकालात निघाला, नाही. २ ते ३० मेगाहर्ट्झला काठी तरंगलांबीच्या मानाने फारच आखूड पडते, बुडाशी विजेचा दाब प्रचंड चढतो, म्हणून तिथे चिनी मातीचा जाड इन्सुलेटर आणि ट्यूनरकडे (काठी सेटशी जुळवणाऱ्या डब्याकडे) जाणारी एकच तार असते. कोॲक्सच्या जोडीला बऱ्याच पिनांची दुसरी केबल दिसली, तर ते वारंवारतेचा पट्टा बदलणारं बूड. त्याला त्याचाच रेडिओ सेट लागतो. इथे तशी केबल नव्हती.

काठी २.४० मीटर. काठी तरंगलांबीच्या पाव भागाएवढी धरली, तर ७५ ला मीटरमधल्या लांबीने भागून वारंवारता मिळते: ७५ भागिले २.४ म्हणजे ३१ मेगाहर्ट्झच्या आसपास. साधी पाव-तरंग काठी असती तर आलेखात तिथे एक खळगा (परत येणारी शक्ती कमी होते ती जागा) आणि तिप्पट वारंवारतेला, ९३ च्या सुमाराला, दुसरा दिसायला हवा. मल्टिमीटरने मात्र काठी ते बॉडी ०.४ ओहम दाखवलं. अशा वेळी लोक "शॉर्ट झालाय" म्हणून अँटेना भंगारात टाकतात. आत जुळणीची, म्हणजे काठी केबलशी जुळवून घेणारी, कॉइल असली तरी हेच दिसतं. मल्टिमीटरला फरक कळत नाही.

नॅनोव्हीएनए, म्हणजे अँटेना तपासायचं छोटं यंत्र, २० ते १०० मेगाहर्ट्झवर लावला, ओपन, शॉर्ट, लोड असं कॅलिब्रेशन केबलच्या टोकाशी केलं. पहिला आलेख काठी हलवली की नाचायचा. फ्लँजखाली रंग आणि बोल्टांना गंज, त्यामुळे बॉडीशी संपर्कच नाही. आणि ट्रकची बॉडी हा या अँटेनाचा अर्धा भाग. बोल्ट सोडून पत्रा चकचकीत होईपर्यंत खरवडला, दातेरी वॉशर घातले आणि सगळं आवळून झाल्यावर बाहेरून ग्रीस लावलं. खाऱ्या हवेत ग्रीसला आळस केला तर पावसाळ्यानंतर पुन्हा तेच. केबलची जाळीही हिरवी पडली होती. लाल तांबं दिसेपर्यंत २० सेंमी कापून नवा बीएनसी बसवला.

आता ३० ते ८८ पर्यंत एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत येते त्याचं माप, १ म्हणजे काहीच नाही) १.६ ते ३.२ च्या आत, आणि दोन्ही बाजूंना एकदम वर. खळगे नाहीत, म्हणजे बुडात रुंदपट्टी, म्हणजे सगळ्या पट्ट्याला चालणारी, जुळणी आहे.

तरी थांबलो नाही. पाणी शिरलेलं बूडही सगळीकडे छान एसडब्ल्यूआर दाखवतं, कारण शक्ती आतच जिरते. काठी फिरवून बुडातून काढली आणि पुन्हा मोजलं. एसडब्ल्यूआर १० च्या पुढे गेला. काठी काढूनही तो खालीच राहिला असता, तर बूड मेलेलं समजायचं.

३० ते ८८ मेगाहर्ट्झ हा लष्कराच्या वाहनांवरच्या व्हीएचएफ सेटचा पट्टा. बीईएल (भारत इलेक्ट्रॉनिक्स) या कंपनीचा स्टार्स-व्ही सेट याच पट्ट्यात चालतो. जुना पीआरसी-२५ हा सेट ७५.९५ मेगाहर्ट्झलाच संपायचा, म्हणून ८८ पर्यंत सपाट राहणारं हे बूड त्यानंतरच्या सेटांसाठीचं धरलं. एफएम ८८ पासून सुरू होतं, तेव्हा स्टिरिओवर गाणी ऐकू येत होती यात नवल नाही.

मालकाने अँटेना ठेवला, फक्त ऐकण्यापुरता. प्रक्षेपणाला परवाना लागतो. टोक जमिनीपासून ५ मीटरच्या वर जात होतं आणि गावातल्या विजेच्या तारा काही ठिकाणी बऱ्याच खाली लोंबतात. त्यामुळे नायलॉनच्या दोरीने काठी पुढे वाकवून बंपरच्या हुकाला बांधली. धातूची तार दोरी म्हणून वापरायची नाही, सगळी जुळणी बिघडते.