२०० आयएम, नोंद ६: बॅकवरून ब्रेस्टला वळताना

पाऊस लागल्यापासून समुद्र बंद. नारळी पौर्णिमेपर्यंत मालवण-वेंगुर्ल्याकडे पोहायला उतरायचं कोणी नाव काढत नाही, त्यामुळे सगळी मदार २५ मीटरच्या उघड्या तलावावर. २०० आयएम म्हणजे २०० मीटर वैयक्तिक मेडले: बटरफ्लाय, बॅकस्ट्रोक (पाठीवरचं), ब्रेस्टस्ट्रोक (बेडकासारखं) आणि फ्रीस्टाइल, याच क्रमाने प्रत्येकी ५० मीटर. त्यात महिनाभर एकच गोष्ट धरली होती: बॅकस्ट्रोकवरून ब्रेस्टस्ट्रोकला जाणारं वळण.

आधी आकडे. जूनमध्ये बटरफ्लाय ३२.५, बॅक ४३.५, ब्रेस्ट ४९.०, फ्रीस्टाइल ४०.५, एकूण २:४५.५. आता ३४.०, ४२.०, ४६.४, ३९.०, एकूण २:४१.४. पहिले १०० मीटर दोन्ही वेळा बरोबर ७६ सेकंदांत झालेत. कमाई सगळी दुसऱ्या शंभरातली. बटरफ्लायला दीड सेकंद जास्त लागतोय तो मुद्दाम. तो बॅकमध्येच वसूल होतो आणि ब्रेस्टला मांड्या जिवंत राहतात.

वळणावर एवढा जोर का? ५० मीटरच्या तलावात २०० आयएमला तीनच वळणं येतात आणि तिन्ही प्रकार बदलणारी. साधं वळण एकही नाही. सिंगापूरच्या जागतिक स्पर्धेत ३० जुलै २०२५ ला फ्रान्सच्या लेऑन मार्शांने उपांत्य फेरीत १:५२.६९ नोंदवून अमेरिकेच्या रायन लॉक्टीचा २०११ चा १:५४.०० हा जागतिक विक्रम मोडला. त्याची शर्यत बघताना हातांकडे बघू नका. भिंत सोडल्यावर डोकं कुठे वर येतं ते बघा.

आता वळण. नियम एवढाच की हात भिंतीला लागेपर्यंत पाठीवर असायला हवं. साधं वळण, म्हणजे हात लावला, पाय खाली घेतले, ढकललं, हे सगळ्यात सुरक्षित पण संथ. क्रॉसओव्हर, म्हणजे हात आडवा नेत अंग कुशीवर कलंडवून टेकायचं, हे सगळ्यात जलद, मात्र स्पर्शाआधी खांदा जरा जास्त कलंडला की बाद. आम्ही मधलं धरलं, बकेट. शेवटच्या हाताबरोबर पूर्ण श्वास घ्यायचा, तळवा पाण्याखाली वीतभर खोल टेकवायचा, बोटं खाली. गुडघे छातीशी ओढून डोक्यावरून मागे कोलांटी. पाय हाताच्या जागी येतात आणि छाती आपोआप खाली होते, अंगाला वेगळा पीळ द्यावा लागत नाही.

चुकतं ते बहुतेक हाताच्या उंचीत. तळवा पाण्याच्या वर टेकला की डोकं वर उचललं जातं, कोलांटी अर्ध्यावर अडते आणि पाय भिंतीवर फार वर बसतात. मग ढकललं की माणूस तळाकडे जातो. दुसरी चूक श्वासाची. नाकात पाणी जाईल या भीतीने कोलांटीतच सगळी हवा सोडली की ब्रेस्टच्या सुरुवातीच्या पाण्याखालच्या लांब ओढीला काही उरत नाही, आणि भिंतीपासून चार मीटरवरच डोकं बाहेर येतं. हवा नाकापुरतीच सोडावी, हळूहळू. बाकीची ब्रेस्टच्या ओढीसाठी. तिथे पहिल्या ब्रेस्ट किकच्या आधी एकच डॉल्फिन किक (दोन्ही पाय जोडून लाटेसारखी) चालते, दुसरी मारली की बाद.

भिंत जवळ आली हे पाठीवर पोहणाऱ्याला सांगणाऱ्या झेंड्यांचा मामला वेगळाच. भिंतीपासून ५ मीटरवर, पाण्यापासून १.८ मीटर उंच दोर हवा. आमच्या तलावावर नव्हताच. जाळ्याचा नायलॉन दोर बांधला. आधी कापडी पट्ट्या लावल्या, त्या भिजून जड झाल्या आणि दोर मध्ये झोळीसारखा लोंबला. मग ताडपत्रीच्या लावल्या. निळ्या नको, ढगाळ आभाळात दिसत नाहीत, पिवळ्या दिसतात. वर छत नसल्याने सरळ रेषेसाठी कडेच्या माडांची रांग धरावी लागते (माडाखालची लेन मात्र टाळा, झावळ सांगून पडत नाही). पावसाचे थेंब चष्म्यावर आले की नजर हलते, म्हणून झेंड्यांपासून हात मोजणं भरवशाचं. नेहमीच्या बॅक वळणात शेवटी पोटावर वळायला एक हात जातो; इथे पाठीवरच राहायचं असल्याने एक हात जास्त धरायचा. आमच्यात कोणाचे चार, कोणाचे पाच.

सराव: तलावाच्या मध्यापासून बॅकने १२.५ मीटर आत, वळण, ब्रेस्टने १२.५ बाहेर. असे १२, मध्ये ३० सेकंद. पहिले ४ साधं वळण, बाकी बकेट. घड्याळ ५ मीटर आत येताना सुरू, १० मीटर बाहेर गेल्यावर बंद: सुरुवातीला १२.५, आता ११.१. आधी भिंत मात्र घासून घ्या. पावसाळ्यात लादीवर बुळबुळ धरते आणि बकेटमध्ये पाय सटकला तर टाच थेट कठड्याला लागते. काथ्याचा ब्रश पुरतो.

फ्रीस्टाइलचे ३९.० अजून जड वाटतात. ब्रेस्टनंतर पोटऱ्यांत गोळे येतात. पुढच्या पंधरवड्यात ५० ब्रेस्ट आणि लगेच ५० फ्रीस्टाइल, असे ६.