मागची सीट

डबलसीट गाडीवर नवरा-बायकोत सगळ्यांत जास्त वेळा उच्चारला जाणारा शब्द कुठला असेल, तर तो ‘काय?’ हा आहे. मी मागून काहीतरी सांगते, वारा ते उचलून भलतीकडे नेतो, पुढून विचारणा होते, ‘काय?’ मग मी मान पुढे काढून, हेल्मेटवर हेल्मेट आपटत तेच वाक्य निम्म्या आवाजात आणि दुप्पट रागात सांगते. तोवर सांगण्यासारखी गोष्ट मागे पडलेली असते. मोर तर कुठल्या कुठे गेलेला असतो. शेवटी मी म्हणते, ‘काही नाही.’ आणि बायकोचं ‘काही नाही’ हे सगळ्यात मोठं काहीतरी असतं हे माहीत असल्यामुळे पुढचे चार किलोमीटर शांततेत जातात. उलट बाजूनंही हेच. तो पुढून काहीतरी पुटपुटतो, मी म्हणते ‘काय?’, आणि तेवढ्यात गाडी खड्ड्यातून जाते.

आमच्या लग्नाला 27 वर्षं झाली, त्यातली निम्मी तरी मी याच सीटवर काढली असतील. नवी नवरी होते तेव्हा साताऱ्यात दोन्हीकडे पाय टाकून बसायची पद्धत नव्हती. म्हणजे कायदा नव्हता, पण पोवई नाक्यावर सासऱ्यांचे मित्र उभे असायचे, तोच कायदा. मग पोवई नाका, राजपथ, राजवाडा, समर्थ मंदिर असं सगळं गाव पदर सावरत एका बाजूला बसून पार करायचं. अजिंक्यताऱ्याच्या पोटातला बोगदा लागला की अंधारात गाडी थांबवायची आणि पलीकडच्या उजेडात निघताना मी दोन्हीकडे पाय टाकून बसलेली असायची. परतताना पुन्हा बोगदा, पुन्हा एका बाजूला. त्या बोगद्याला हे कधी कळलं असेल तर त्यानं कुणाला सांगितलं नाही.

या मे महिन्यात त्याच बोगद्यातून आम्ही सज्जनगड, ठोसेघरच्या रस्त्याला लागलो. या वेळी मात्र पुढे आणखी एक गाडी होती. वाटाड्या मामांची.

साताऱ्यात जन्म काढलेल्या माणसांनी साताऱ्याचे डोंगर बघायला वाटाड्या घ्यायचा, ही लाजेची गोष्ट आहे हे मला मान्य आहे. पण गेल्या वर्षी चाळकेवाडीच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावर, आम्ही दोघं तीन तास गोल फिरलो होतो. मोबाइलमधली बाई ‘उजवीकडे वळा’ म्हणायची, आणि उजवीकडची वाट शंभर पावलांवर एका पवनचक्कीच्या पायथ्याशी जाऊन संपायची. तिथं कुलूपबंद लोखंडी दार, वर गरगरणारा पंखा आणि खाली आम्ही. मागे फिरा, पुढची वाट, पुढचा पंखा. प्रत्येक पवनचक्कीला तिची-तिची कच्ची वाट काढलेली असते, ती दुरुस्तीच्या माणसांसाठी. गावाला जायचं तिच्या मनातही नसतं. अंधार पडताना एका दूधवाल्यानं आम्हाला रस्त्याला लावलं. ही हकीकत ऐकून लेकीनं पुण्याहून फोनाफोनी केली आणि मामा ठरवून टाकले. दिवसाचे बाराशे, पेट्रोल आपलं, जेवण मामांच्या पाहुण्यांकडे.

मामा साठीचे. अंगात पांढरा शर्ट, डोक्याला उपरणं आणि त्यावर हेल्मेट, गाडी स्प्लेंडर. आमच्या गाडीच्या मागे बांधलेलं सामान बघून म्हणाले, “मुक्काम येकच हाय न्हवं?”

मामा चालवताना बोलत नाहीत. त्यांची भाषा हातापायांची. डावा हात खाली थोपटला की दमानं. हात वर केला की थांबा. पाय बाहेर काढला की त्या बाजूला खड्डा नाहीतर बारीक खडी. ही भाषा मला आमच्या सारथ्याच्या आधी कळली, कारण चालवणारा रस्ता बघतो आणि मागं बसणारी बाकी सगळं बघते. उरमोडी धरणाचं पाणी आटून काठाला मातीच्या पायऱ्या पडल्या होत्या, त्या मी पाहिल्या. एका घराच्या ओट्यावर म्हातारी करवंदांची पाटी निवडत होती, ती पाहिली. नवऱ्यानं समोरून येणारी एसटी पाहिली, आणि ती बघणं जास्त गरजेचं होतं हे मी कबूल करते.

ठोसेघरच्या अलीकडे एका उतारावर मामांनी हात वर केला, गाडी वळवून परत आले.

“सायेब, गाडी न्यूट्रल करताय का उताराला?”

नवरा गप्प.

“तुमच्या गाडीचा आवाज मोडला मागनं, म्हनून इच्यारलं. करू नका. निस्त्या ब्रेकवर उतरवली की लायनर तापत्यात, मग ब्रेक लागतच न्हाईत. सेकंडला ठिवा. इंजान हाय की धरायला. त्येला धरू द्या.”

“बरोबर आहे मामा,” नवरा म्हणाला, आणि लगेच गिअर टाकला.

मी हेच 27 वर्षं सांगत आले आहे. लायनर वगैरे मला माहीत नव्हतं, पण उतारावर गाडीचा आवाज गेला की माझ्या पोटात गोळा येतो, एवढं तर सांगत होते! तेव्हा उत्तर असायचं, ‘पेट्रोल वाचतं.’ किती वाचलं, ते काही मला कधी दाखवलं नाही. यावर त्या वेळी मी बोलले नाही. पण मी बोलले नाही हे त्याला कळेल इतपत सरकून बसले.

ठोसेघरचा धबधबा मे महिन्यात म्हणजे कातळावरचा ओला डाग. तिथं थांबलोच नाही. वर चाळकेवाडीला पोचलो आणि आभाळ एकदम मोठं झालं. हा सडा समुद्रसपाटीपासून 1000 मीटरच्या वर आहे. जांभ्याचा सपाट कातळ, त्यावर वाळून सोन्यासारखं झालेलं गवत, झाड म्हणावं असं एखादंच, आणि दिसेल तिथवर पवनचक्क्या. मामा त्यांना पंखेच म्हणतात, आणि पंखे ते आवाजावरून ओळखतात. “त्यो घोगरा पंखा आला की डावीकडं सुटायचं.” मी कान देऊन ऐकलं. मला सगळेच घोगरे वाटले.

घोगऱ्या पंख्याच्या खाली मामांनी गाडी बंद केली आणि बोटानं कातळ दाखवला. आधी काहीच दिसलं नाही. मग एका दगडावर वीतभर सरडा दिसला, दगडाच्याच रंगाचा. आम्ही बघतोय तोवर त्यानं मान ताठ केली आणि गळ्याखालून एक पंखा उघडला. निळा, मध्ये काळा, कडेला नारिंगी. पैठणीचा पदर कुणीतरी चटकन उलगडून मिटावा तसा. पुन्हा उघडला, पुन्हा मिटला. वर पंखा, खाली पंखा. पावसाळ्याआधीचे हे दिवस त्यांचे माद्यांना रिझवण्याचे. मी दोन पावलं पुढे गेले, तो हलला नाही. आणखी दोन, तरी नाही.

“लई माजल्यात,” मामा म्हणाले. “ससाणं ऱ्हायलं न्हाईत ना हितं पहिल्यासारकं.”

घरी आल्यावर लेकीनं वाचायला पाठवलं तेव्हा कळलं, की मामांनी एका वाक्यात सांगितलं ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी याच सड्यावर मोजून 2018 साली छापलं होतं. पवनचक्क्यांच्या आसपास शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीनं कमी, म्हणून सरडे जास्त, आणि माणूस जवळ आला तरी ते लवकर पळत नाहीत. पण गर्दीमुळे अंगानं बारीक, आणि रंगही फिका. त्या सरड्याचं शास्त्रीय नाव ‘सरडा सुपर्बा’ आहे, 2016 मध्ये ठेवलेलं. आपल्या मराठी सरड्याला असं लॅटिन शेपूट लागलेलं बघून मला फार बरं वाटलं. फिका रंग इतका देखणा, तर मूळचा कसा असेल, हे मात्र अजून डोक्यातून जात नाही.

दुपारी पश्चिमेकडून ढग चढले. वळीव सड्यावर येतो तो विचारून येत नाही. मामांनी आभाळाकडे एकदा बघितलं आणि हातानं ‘चला’ केलं. पंख्याच्या आडोशाला नको, झाडाखाली नको, असं म्हणत थेट एका धनगरवाड्यावर नेलं. पडवीत पाऊल टाकलं आणि गारा सुरू झाल्या. पत्र्यावर असा आवाज, की तिथंही आमचं ‘काय?’ ‘काय?’ चालू झालं. घरातल्या आजीनं मीठ घातलेलं ताक दिलं, माझं हेल्मेट हातात घेऊन आत-बाहेर बघितलं आणि माझ्या कानाशी येऊन विचारलं, “डोस्कं उकडत न्हाई व्हय गं ह्यात?” उकडतं, म्हटलं. आजीला फार वाईट वाटलं. निघताना करवंदं बांधून दिली.

आता गंमत अशी, की घरी आल्यावर जो येईल त्याला ही सहल सांगायची वेळ आली, तेव्हा आम्ही दोघं एकाच गाडीवर होतो यावर कुणाचा विश्वास बसेना. नवरा सांगतो ते असं : चढ किती, गाडी कुठल्या गिअरला चढली, ॲव्हरेज किती पडलं. दुसऱ्या दिवशी बघितलेलं कोयना धरण 103 मीटर उंच, त्याचा शिवसागर जलाशय 105 टीएमसीचा. माझ्या सहलीत ताक आहे, सरडा आहे, आणि कोयनानगरला पोचल्यावर आठवलेल्या सासूबाई आहेत. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला, धरणाला तडे गेले पण ते उभं राहिलं, हे पुस्तकात आहे. पण त्या पहाटे साताऱ्यात फडताळातली पितळी भांडी एकेक करून खाली येत होती आणि कुमारी सासूबाई आधी तुपाचं भांडं धरायला धावल्या होत्या, हे पुस्तकात नाही. धरणाकडे बघताना नवऱ्याच्या डोळ्यांपुढे भिंत होती, माझ्या डोळ्यांपुढे तुपाचं भांडं. मी तसं सांगितलंही. तो म्हणाला, ‘काय?’

त्याच्या सहलीत एक गोष्ट मात्र अर्ध्या वाक्यात उरकली जाते : “क्लचवायर तुटली, पाटणला टाकली.” म्हणून ती मला सांगावी लागते.

पाऊस उघडल्यावर सडावाघापूरच्या बाजूनं निघालो, आणि पाटणचा उतार सुरू व्हायच्या जरा आधी डाव्या हातातली क्लचची दांडी लुळी पडली. गाडी आमची चौदा वर्षांची. नवऱ्याकडे चार पाने होते, हवा भरायचा पंप होता, दोन टॉर्च होते. वायर नव्हती. मामा म्हणाले, “मी आनतो तुमची गाडी, तुमी माजी घ्या.” नवरा म्हणाला, नको, मला सवय आहे तिची. मग मामांनी शिकवणी घेतली. “चालू करून न्यूट्रलवर उताराला सोडा. जरा वेग घेतला की दमानं सेकंड दाबा. गचका बसंल, बसू द्या. थांबायचं झालं तर न्यूट्रल. आन् ताईंना माज्या मागं बसू द्या.”

आता मामा झाले तरी परके. त्यामुळे 27 वर्षांपूर्वीचा पोवई नाका अंगात आला आणि मी एका बाजूला बसले, मागचं कॅरियर धरून. एका बाजूला बसलं की मान मागे वळवता येते, हे मी विसरूनच गेले होते.

मागून आमची गाडी येत होती. आणि माझ्या ध्यानात आलं, की गाडी चालवताना या माणसाचं तोंड मी आजवर कधी बघितलेलंच नाही. मान माहीत आहे. मानेवरचा तीळ, कॉलरीची झिजलेली कड, खांदा कधी आखडतो, सगळं पाठ. तोंड नाही. काच वर केलेली, कपाळावर आठ्या, ओठ घट्ट. शाळेत पहिल्यांदा शाईचं पेन हातात आलेल्या पोरासारखा.

मामांनी पाय बाहेर काढला. खड्डा. मागे बघते तर नवऱ्यानं हनुवटी किंचित डाव्या खांद्याकडे वळवली, ओठ हलले, आणि गाडी खड्ड्यातून गेली. पुढच्या वळणावर ओली खडी, पुन्हा मामांचा पाय, पुन्हा ती हनुवटी, पुन्हा ओठ. मागच्या सीटवर फक्त बॅग होती. चौथ्या-पाचव्या खड्ड्याला ओठ वाचता आले.

“धर.”

पाटणला कोपऱ्यावरच्या गॅरेजमधल्या पोरानं वीस मिनिटांत नवी वायर टाकली. मजुरीसकट 180 रुपये झाले. मामांनी त्याच्याकडून जास्तीची एक वायर घेऊन आमच्या बॅगेत कोंबली, टॉर्चच्या शेजारी. मी परत माझ्या जागेवर बसले, दोन्हीकडे पाय टाकून. पन्नास पावलांवर गतिरोधक होता. कॉलर जराशी हलली, आणि वारा नव्हता म्हणून अगदी स्वच्छ ऐकू आलं. तरी मी पुढे वाकून विचारलं, “काय?”