आमची वाटचाल : पत्रिकेचा मुकुट, कोनाचा बुरूज

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या बालवाड्यांना आणि पहिली-दुसरीच्या वर्गांना आम्ही परीकथांच्या हस्तकलेचे फर्मे आणि कृतीचे कागद पुरवतो. सुरुवातीला यादीत २८ वस्तू होत्या, आज ९ आहेत. बाकीच्या १९ का गेल्या, त्यातच आमची वाटचाल आली.

सगळ्यात आधी चमकी, थर्माकोल आणि गरम गोंदाची पिस्तूल गेली. चमकी डोळ्यात जाते, थर्माकोलचा चुरा घरभर होतो. आणि गरम गोंद म्हटला की सगळं काम बाईच करणार, मुलं नुसती बघत बसणार. तेव्हापासून एक हिशेब धरलाय : एका वस्तूत एका मुलामागे मोठ्या माणसाचा हात तीनदाच लागावा. वर्गात वीस मुलं म्हणजे साठ वेळा. चौथ्यांदा हात लागला की वस्तू यादीतून बाद.

मुकुट मात्र पहिल्या दिवसापासून टिकलाय, फक्त त्याचा कागद बदलला. कार्डशीट विकत घेण्यापेक्षा लग्नपत्रिका बऱ्या, लग्नसराईनंतर घराघरात गठ्ठा पडलेला असतो. गणपतीचं किंवा कुलदैवताचं चित्र असलेला भाग आधीच कापून बाजूला ठेवायचा. त्यावर मुलांच्या हातून कात्री फिरलेली पालकांना खपत नाही, आणि ते बरोबरच आहे. चार-पाच वर्षांच्या मुलाचं डोकं साधारण ५० ते ५१ सेंमी भरतं. पट्टी ५८ सेंमी लांब, ८ सेंमी उंच घ्यावी. एका पत्रिकेत एवढी लांबी मिळत नाही, तेव्हा तीन तुकडे जोडायचे.

इथे एक गोष्ट आम्हाला उशिरा कळली. कागदाचे तंतू एकाच दिशेने बसलेले असतात, छपाईवाले तिला ग्रेन म्हणतात. पत्रिका दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघा. एका बाजूने ती सहज वळते, दुसऱ्या बाजूने अडून बसते. सहज वळतो तो बाक पट्टीच्या लांबीला यायला हवा, म्हणजे तंतू उभे राहतात आणि मुकुट गोल बसतो. उलटं कापलं तर कपाळावर कोन पडतो, मधेच चीर जाते आणि पाच मिनिटांत हाक येते, ‘बाई, निघूलालाय!’

टोकं जोडायला स्टेपलर नको, पिन केसांत अडकते. एका टोकाला वरून ४ सेंमी खोल खाच पाडायची. दुसऱ्या टोकाला खालून तेवढ्याच खोल चार खाचा पाडायच्या, एकेका सेंटिमीटरच्या अंतरावर. डोकं लहान-मोठं असलं तरी मूल आपल्या मापाची खाच स्वतः निवडतं. गुळगुळीत पत्रिकेवर खळ धरत नाही, कारण तिच्यात पाणी मुरत नाही. तेव्हा मागची बाजू वापरा, नाहीतर जोडाची जागा पॉलिश पेपरने घासून घ्या.

आता खळ. एक वाटी मैदा एक वाटी गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवायचा. चार वाट्या पाणी उकळलं की त्यात तो ओतायचा आणि तीन-चार मिनिटं ढवळत राहायचं. पांढरा रंग जाऊन खळ काचेसारखी दिसायला लागली की उतरवायची. कोरडा मैदा थेट उकळत्या पाण्यात टाकला तर प्रत्येक गुठळी बाहेरून शिजते आणि आत पीठच राहतं. एवढी खळ वीस मुलांना पुरून उरते. उन्हाळ्यात दोन दिवसांत ती आंबते. अर्धा चमचा तुरटीची पूड घातली तर थोडी जास्त टिकते. घरात पुस्तकं चिकटवायच्या खळीत मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे. मोरचूद विषारी आहे, मुलांची बोटं तोंडात जातात, तेव्हा इथे तो अजिबात नको. खळ जाड लावली की कागद एकाच बाजूने फुगून वाकडा होतो. बोटाने पातळ सारवायची आणि जोड वहीखाली दाबून ठेवायचा.

किल्ल्याची सोय आमच्याकडे हातमाग-यंत्रमागांनी केली. शहापूर-वडगावच्या मागांवर सूत ज्या कागदी कोनांवर येतं, ते रिकामे कोन जाडजूड असतात आणि साधारण १७ सेंमी उंच. अरुंद तोंड वर करून उभे केले की आयते बुरूज. वर टोपी हवी असेल तर ७ सेंमी त्रिज्येचं अर्धवर्तुळ कापायचं. १४ सेंमीचं डब्याचं झाकण गिरवून मधोमध घडी घातली की अर्धवर्तुळं दोन निघतात. कडेला कड १ सेंमी चढवली की साडेसहा सेंमीच्या आसपास तोंडाची टोपी होते आणि बुरुजावर सैलसर बसते. पूर्ण वर्तुळाला चीर देऊन टोपी करायला गेलात तर कागदाचे पदर एकावर एक चढतात आणि मुलाच्या हातून ते धरवत नाहीत. कोनावर उरलेलं सूत आधी सोडून काढा. वितीपेक्षा लांब दोरा लहान मुलाच्या हाती राहू देऊ नये, गळ्याला वेढा बसतो. दिवाळीत अंगणात किल्ला करणाऱ्या आपल्या मुलांना बुरूज-तट समजावून सांगावा लागत नाही. राक्षस कुठे राहतो यावरच काय ती भांडणं.

मिठाच्या कणकेची बाहुली (दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, पाऊण वाटी पाणी) आम्ही पहिल्याच पावसाळ्यात बंद केली. मीठ हवेतलं पाणी ओढतं. खानापूरकडच्या पावसात वाळलेली बाहुली आठवड्यात चिकट होते, मग तिच्यावर बुरशी येते. आता शाडू. जाडी दीड सेंमीच्या वर नको आणि वाळवण सावलीतच. उन्हात ठेवली तर वरचा थर आधी आकसतो, आतला ओलाच राहतो, आणि चीर पडते.

म्हातारीचा भोपळा आधी फुग्यावर कागद चिकटवून करत होतो. तीन दिवस लागायचे आणि फुटलेल्या फुग्याचा तुकडा घशात अडकायची भीती वेगळीच. आता दोन द्रोण तोंडाला तोंड लावून वर्तमानपत्राच्या २ सेंमी रुंद पट्ट्यांनी जोडतो. जोडण्याआधी खालच्या द्रोणाच्या तळाशी शाडूचा लिंबाएवढा गोळा दाबून बसवायचा आणि एक रात्र वाळू द्यायचा. कागदी द्रोणाचा तळ सपाट असतो, तो डोलत नाही. सुपारीच्या पानाचा गोलसर वाडगा थोडा महाग पडतो, पण वजन तळाला असल्यामुळे त्याचा भोपळा आडवा केला तरी पुन्हा उभा राहतो. टुणूक म्हणजे काय ते मुलांना तिथे दिसतं.

सगळ्यात स्वस्त वस्तू जादूची चिठ्ठी. पाव वाटी पाण्यात एक चमचा हळद कालवून पांढऱ्या कागदावर फासायची आणि वाळवायची. मग खराट्याच्या हिराला कापूस गुंडाळून, धुण्याच्या साबणाच्या घट्ट पाण्यात बुडवून लिहायचं. पिवळ्यावर लाल अक्षर उमटतं. हळदीतला रंग अल्कलीत लाल होतो, चुना घालून हळदीचं कुंकू करतात ते याच गुणावर. लिंबाचा रस लावला की अक्षर पुन्हा पिवळं. चुना वापरू नका, डोळ्यात गेला तर इजा होते. हँडवॉशचं पाणीही नको. ते बहुधा अल्कली नसतं, मग रंग पालटत नाही आणि जादू फसते. चिठ्ठी उन्हात ठेवली तर पिवळा रंगही विटतो.

तयार खेळणी विकायची नाहीत हे आम्ही ठरवून ठेवलंय. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं, आणि तपासण्यांचा तो खर्च आमच्या आकाराच्या धंद्याला पेलत नाही. फर्मे देताना शाळेला एक गोष्ट मात्र सांगतो : सव्वा इंच रुंदीच्या तोंडातून आरपार जाणारा मणी, बी किंवा गुंडी तीन वर्षांखालच्या मुलांच्या टेबलावर येता कामा नये.

कृतीचे कागद मराठी-कन्नड दोन्हींत छापतो आणि प्रत्येक पायरीला चित्र देतो. भाषांतराला वाटलं होतं त्यापेक्षा कमी वेळ लागला. कागद दोन्हीकडे कागदच, राजा-राणी तीच, कात्रीची कत्तरी आणि गोंदाचा गोंदु झाला. रंगाचा बण्ण मात्र वेगळा लिहावा लागतो.

पंख अजून यादीत घेतलेले नाहीत. तारेची चौकट बोचते, जाड पुठ्ठा खांद्यावरून घसरतो. साडीच्या काठाच्या कपट्यांचे, १ सेंमी रुंद इलॅस्टिकवर बसवलेले पंख सध्या करून बघतोय. पण प्रत्येक पंखाला मोठ्या माणसाचे पाच टाके लागतात, आणि आमचा हिशेब तीनचा.