दुपारचं पट्टाया

रात्रीची ठिकाणं दिवसा बघायची, ही माझी जुनी खोड.

लहानपणी जत्रेत तमाशा यायचा. रात्री कनातीच्या आत पोरांना मज्जाव, म्हणून आम्ही दुपारी राहुट्यांमागे जाऊन बसायचो. राजा पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीवर दाढी करत असायचा. दोरीवर नऊवारी वाळत असायची. एकदा एक बाई गरम पाण्याच्या घमेल्यात पाय सोडून बसली होती, घोट्यांवर चाळाचे काळे वळ. "शाळा नाय का रं?" म्हणाली आणि मूठभर शेंगदाणे दिले. पुढे मोठेपणी रात्रीचा तमाशाही पाहिला. त्या घोट्यांपुढे फिकाच वाटला.

तर थायलंडमधलं पट्टाया. आमची सहल सकाळी कोरल आयलंडला (खरं नाव को लान, पण टूरवाल्यांपुढे कोण बोलणार) पाण्यात डुंबून, दुपारी खोल्यांत घोरत पडली होती. मी वॉकिंग स्ट्रीटवर, म्हणजे तिथल्या रात्रीच्या बारवाल्या रस्त्यावर, निघालो. संध्याकाळी जिथे गाड्या बंद करतात, तिथे आत्ता बर्फाचा टेंपो उभा होता. बिअरचे क्रेट उतरत होते. फिनेलचा वास. विझलेल्या निऑनच्या नळ्यांवर नुसती धूळ. एका बारच्या पायरीवर केसांना रोलर लावलेली मुलगी डब्यातला भात खात फोनवर बोलत होती. शब्द कळत नव्हते, पण सूर आईशी बोलतानाचा. 'हो गं, जेवतेय' असा.

रस्ता संपला की बाली हाय धक्का. डायव्हिंगच्या बोटी इथूनच सुटतात. को फाई बेटाजवळ पाण्याखाली 'क्राम' नावाची नौका आहे, तिथे पाणबुडे जातात. सैन्य किनाऱ्यावर उतरवायला १९४५ साली अमेरिकेत बांधलेली, १९६२ मध्ये थायलंडच्या नौदलाला मिळालेली. २००३ मध्ये ती मुद्दाम बुडवली. प्रवाळाला धरायला काहीतरी हवं आणि पर्यटकांना बघायला. माझं पोहणं विहिरीतलं, त्यामुळे हे सगळं ऐकूनच.

शहराची गोष्टही त्याच वळणाची. कोळ्यांचं लहानसं गाव होतं. १९५९ मध्ये कोराटच्या तळावरचे अमेरिकी सैनिक इथे सुटीला आले आणि गावाचा नूर पालटला, असं सांगतात. पुढे व्हिएतनामचं युद्ध पेटलं. जवळच्या उ-तापाव तळावरून बी-५२ विमानं बाँब टाकायला उडायची आणि रजेवरची एकोणीस-वीस वर्षांची पोरं इथल्या वाळूवर बिअर पीत पडायची. रजा संपली की परत लढाईवर. त्यातल्या कितीतरी जणांची ती शेवटची सुटी असणार.

रात्री दाल फ्राय येईपर्यंत मी हे टेबलावर सांगितलं. समोरच्या काकू थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "अहो, आपण मजा करायला आलोय ना?"

तेही खरंच. मी पापड मोडला.