सट्टा सोडून आज एकोणिसावा दिवस

रविवार, रात्री साडेअकरा. सिडको.

फोन हिच्याकडे दिलाय आणि मी स्वयंपाकघरात वही घेऊन बसलोय. मॅच चालू आहे. शेजारून ओरडा आला की अजून छातीत धस्स होतं. एकही रुपया लावलेला नसताना!

पैसे गेल्याचं दुःख दोन दिवसांत निवतं. निवत नाही ते 'आता कव्हर करू' हे डोक्यातलं गुणगुणणं. माझे १ लाख ८० हजार गेले, त्यातले ७० हजार एकाच रात्रीत. चार सेशन, म्हणजे ठरावीक षटकांतल्या धावांवरच्या पैजा, ओळीने हरलो होतो आणि पाचवं आपलंच, अशी अगदी आतून खात्री होती. १८ ऑगस्ट १९१३ ला माँटे कार्लोच्या कॅसिनोत रुलेटच्या फिरत्या चक्रातला चेंडू सलग २६ वेळा काळ्या घरात पडला. आता तरी लाल येणारच म्हणून लोक लालवर लावत राहिले आणि बुडाले. चक्राला मागचं काही आठवत नसतं. हे वाचलं तेव्हा पोटात खड्डा पडला, कारण त्या गर्दीत मीही उभा होतो.

त्याहून वाईट म्हणजे थोडक्यात हुकणं. एका धावेने गेलं की हरल्यासारखं वाटायचंच नाही, हातातोंडाशी आलं होतं असंच वाटायचं. मग पुन्हा लावायचो.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राचा कायदा आला, पैशांची रमी फोनवरून बंद झाली. सुटलो म्हटलं. आठ दिवसांत एकाकडून क्रिकेटवर सट्टा लावायचा आयडी घेतला.

गेल्या आठवड्यात १४४१६ ला, टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन केला. मराठीत बोलता आलं. पलीकडच्या बाईंनी उपदेश केला नाही, फक्त विचारलं, हुक्की नेमकी कधी येते? तोवर मी हे कधी पाहिलंच नव्हतं. रात्री नऊनंतर, एकटा असताना, पगार झाल्यावर. म्हणून आता फोन हिच्याकडे.

आज दिंडोरीला गेलो. द्राक्षबागेत खरड छाटणी चालू होती. नानांना सगळं सांगितलं. त्यांनी आधी आकडा विचारला. मग बराच वेळ कात्री चालवत राहिले. मी शिव्यांची वाट बघत होतो.

"२०१४ च्या गारपिटीनंतर मी आठ दिवस बागेत पाऊल टाकलं नव्हतं," ते म्हणाले. "ते घड बघितले असते तर काहीतरी भलतंच करून बसलो असतो. तुझी आई तेवढे दिवस माझ्यासोबत ओट्यावर बसून राहायची."

नानांची मेहनत गारांनी नेली, मी माझे पैसे स्वतःच्या हाताने घालवले. दोन्ही एक नाहीत, आणि ते मी त्यांना तिथेच बोललो. ते म्हणाले, "नाहीच. पण रात्र तेवढीच लांब असते रे."

शेजारी टीव्ही बंद झाला. ही अजून जागी आहे, मधूनमधून दारातून डोकावते. कोण जिंकलं ते मी तिला विचारलं नाही.