चष्म्याविना आठ महिने

माझा नंबर मायनस पावणेतीन. तो घालवायचाच म्हणून मी आठ महिने नेमाने व्यायाम केले. तळहात चोळून मिटल्या डोळ्यांवर ठेवायचे, अंगठा हातभर लांब धरून हळूहळू नाकाजवळ आणायचा. घरात चष्मा पूर्ण बंद. कपाटाच्या दारावर अक्षरांचा तक्ता चिकटवला होता. चौथ्या महिन्यात त्यातली एक ओळ जास्त वाचता आली तेव्हा माझे डोळे भरून आले.

मग लेकीने हौसेने वेगळ्या अक्षरांचा तक्ता करून लावला, आणि मी जुन्याच ओळीवर अडले. आधीची अक्षरं पाठ झाली होती. शिवाय धूसर आकारांवरून अंदाज बांधायला मेंदू शिकतो, हे नंतर कळलं. तपासणीत नंबर तिथेच होता.

डॉक्टरांनी कारण समजावलं. लघुदृष्टीत, म्हणजे मायनस नंबर असताना, बहुतेकदा बुबुळापासून डोळ्यातल्या मागच्या पडद्यापर्यंत डोळाच लांब झालेला असतो. साधारण 24 मिलिमीटरच्या डोळ्यात एक मिलिमीटर वाढला की अडीच-तीन नंबर येतो. ती लांबी व्यायामाने कशी कमी होणार? तळहातांची ही पद्धत न्यूयॉर्कच्या डॉ. विल्यम बेट्स यांची, त्यांचं पुस्तक 1920 सालचं. डोळ्याबाहेरचे स्नायू अख्खा डोळा दाबून फोकस बदलतात, असं ते मानत. प्रत्यक्षात आकार बदलतं ते आतलं भिंग.

तळहात मी आजही ठेवते, कारण थकवा खरंच उतरतो. स्क्रीनपुढे आपण पापण्या फार कमी मिटतो, डोळे कोरडे पडतात. दर वीस मिनिटांनी लांब बघितलं की डोकंही हलकं होतं. पण सूर्याकडे बघायचा उपाय कुणी सांगितला तर कृपा करून ऐकू नका. पडदा जळतो, आणि तेव्हा दुखतही नाही.

लेक आता नऊ वर्षांची आहे. तिला मी रोज दोन तास उघड्यावर खेळायला पाठवते. मुलांना नंबर लागणं त्याने लांबतं, याला चांगला आधार आहे. लेकीला तो लागलाच, मायनस पाऊण. ती चष्मा पूर्ण नंबरचाच लावते. मुद्दाम कमी नंबरचा दिल्याने वाढ थांबत नाही, हे मी विचारून घेतलं. पहिल्या दिवशी चष्मा लावून ती खिडकीत उभी राहिली आणि म्हणाली, "आई, झाडाला सुटी सुटी पानं आहेत!"