तुम्ही विचारलंत म्हणून: पोरांच्या कुंड्या आणि अवकाशातलं बी

विज्ञान प्रदर्शनात एक प्रश्न हमखास येतो. "बाई, पोरांनी कुंडीत बी लावून शास्त्रज्ञांना काय कळणार?" विचारणारे बहुधा कुणाचे तरी बाबा असतात, आणि त्यांना निघायची घाई असते. म्हणून इथे सविस्तर सांगते.

कळतं. 2015 मध्ये ब्रिटनने 2 किलो रॉकेटचं बी अवकाश स्थानकावर धाडलं. रॉकेट म्हणजे सॅलडमध्ये घालतात ती तिखटसर पालेभाजी; नावाची गंमत त्यांनी मुद्दामच साधली असणार. सहा महिन्यांनी बी परत आलं आणि शाळाशाळांत दोन-दोन पाकिटं गेली, एक लाल, एक निळं. वर जाऊन आलेलं बी कुठल्या पाकिटात, हे मुलांना सांगितलं नव्हतं. सगळी मेख या न सांगण्यात आहे. ठाऊक असतं तर पोरांचं सोडा, मीसुद्धा अवकाशातल्या रोपाला घोटभर पाणी जास्त घातलं असतं.

पाच लाखांहून जास्त मुलं त्यात होती. कुणी पाणी घालायला विसरलं असेल, कुणी कुंडी पाडली असेल. पण हा धांदरटपणा दोन्ही रंगांच्या वाट्याला सारखाच येतो, आणि आकडा एवढा मोठा असला की त्यातूनही खरा फरक वर येतो. तसा तो आला: अवकाशातलं बी उगवलं, फक्त जरा मंद गतीने.

त्याआधी अमेरिकेने 1984 मध्ये टोमॅटोचं सव्वा कोटी बी वर ठेवलं होतं. वर्षभरात आणायचं होतं, पण लांबत गेलं, मधे चॅलेंजर या अवकाशयानाचा अपघात झाला, आणि ते उतरलं 1990 मध्ये. तेही शाळांतच वाटलं.

डिसेंबर 2024 मध्ये इस्रोने चवळीचे 8 दाणे पाठवले आणि चार दिवसांत अंकुर फुटले, तेव्हा आमचा वर्ग पेटला. आमच्याकडे कुठलं यान! मी 8 दाणे आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवले, 8 डब्यात. पेल्यांना लाल-निळ्या चिठ्ठ्या लावल्या, गुपित माझ्याकडे. निळे भराभर वाढले. मी निष्कर्ष फळ्यावर लिहायला वळले, तर मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, निळे सगळे खिडकीत आहेत."

खडू खाली ठेवला. संध्याकाळी घरी जाऊन नवे 16 दाणे मोजले.